तीन दातांचा ब्रिज, दोन दातांच्या जिवावर

खालची पहिली कायमची दाढ सहाव्या वर्षाच्या सुमारास येते. तिच्या जागी आधी दुधाचा दात पडलेला नसतो, त्यामुळे ही कायमची दाढ आहे हे घरात कुणाच्या लक्षातच येत नाही. किडली तर ‘पडेल आणि नवी येईल’ म्हणून सोडून देतात. मग तिशी-चाळिशीत खुर्चीवर बसलेल्या माणसाच्या तोंडात बऱ्याचदा नेमकी हीच जागा रिकामी असते. दंतवैद्यांच्या आकड्यांत डावीकडची ३६, उजवीकडची ४६. इथे ४६ धरून चालू: ती काढलेली, तिच्या पुढची उपदाढ ४५ आणि मागची दाढ ४७ जागेवर. या दोघींवर कॅप, मधे लटकता दात आणि तिन्ही एकसंध, म्हणजे तीन युनिटचा ब्रिज. आम्हा दातांच्या डॉक्टरांकडची ही रोजची केस आहे, पण ब्रिजमध्ये जे जे चुकू शकतं ते सगळं तिच्यात सापडतं.

दाढ काढल्यावर लगेच ब्रिजचं माप घेऊ नये. वरून हिरडी दोनेक आठवड्यांत भरलेली दिसते, पण आतलं हाड त्यानंतरही झिजत राहतं आणि पहिल्या तीन महिन्यांत ते सगळ्यांत वेगाने झिजतं. घाईने बसवलेल्या ब्रिजखाली पुढे फट पडते आणि प्रत्येक जेवणाला तिथे घास साठतो. दोन-तीन महिने थांबणं बरं. उलट ‘बघू पुढे’ म्हणत वर्षं काढली की दुसरं दुखणं सुरू होतं. ४७ रिकाम्या जागेकडे कलंडते आणि तिच्या समोरच्या वरच्या दाढेला, १६ ला, खालून अडवायला कुणी नसल्यामुळे ती खाली उतरते. वरची दाढ २ मिमी उतरली तरी मधल्या दाताला पुरेशी उंची उरत नाही. मग आधी ती वरची दाढ घासून, वेळेला रूट कॅनाल आणि कॅप करून पातळीत आणावी लागते. म्हणजे गेलेल्या एका दातासाठी तीन दातांवर काम. ४७ चा कल २५-३० अंशांच्या पुढे गेला असेल तर तारेची ट्रीटमेंट करून ती आधी उभी करणं श्रेयस्कर, कारण दोन्ही दातांवर ब्रिज एकाच दिशेने उतरला पाहिजे.

तपासणीत एक्स-रे सोडून चालत नाही. मुळाचा किती भाग हाडात रुतलेला आहे ते त्यात पाहायचं. हाडाबाहेर एक भाग असेल तर हाडात दोन भाग असणं उत्तम, दीड चांगलं, आणि बरोबरीचं म्हणजे शेवटची हद्द. १९२६ सालापासून अँटेचा नियम सांगितला जातो: आधार देणाऱ्या दातांच्या मुळांचं हाडातलं क्षेत्रफळ गेलेल्या दातांच्या मुळांइतकं किंवा त्याहून जास्त हवं. आता हा नियम कुणी काटेकोर पाळत नाही, पण ४६ साठी ४५ आणि ४७ का चालतात आणि दोन दाढांसाठी एक उपदाढ का चालत नाही, हे त्यातून पटकन कळतं. लांबीचा हिशोब तर आणखी कडक आहे. ब्रिजचं वाकणं लांबीच्या घनाच्या प्रमाणात वाढतं. मधे एकाऐवजी दोन दात लटकले तर वाकणं दुप्पट नाही, आठपट. तीन लटकले तर सत्तावीसपट. जाडी अर्धी केली तरी आठपट. वाकणं डोळ्यांना दिसत नाही, पोर्सिलीनचा टवका उडाला किंवा एका बाजूचं सिमेंट सुटलं की मग दिसतं. ‘मागची दाढही नाही, पुढच्या दोन दातांवरच मागे एक दाढ लटकवून द्या’ अशी मागणी नेहमी येते. दाढांच्या भागात ती नाकारावीच. चावण्याचा जोर लटकत्या टोकावर पडतो आणि पुढचे दोन्ही दात उपटल्यासारखे हलायला लागतात.

याच वेळी हिरडी तपासायची. रक्त येत असेल तर आधी दात साफ करून घ्यायचे, हिरडी घट्ट होऊ द्यायची, मग माप. सुजलेल्या हिरडीच्या कडेने घेतलेलं माप सूज उतरल्यावर खोटं ठरतं आणि कॅपची कड उघडी पडते. मधुमेह असेल तर साखर आटोक्यात आहे ना ते विचारायचं. मिश्री, तंबाखू, सुपारीची सवय लपवू नये. सुपारी फोडणाऱ्या तोंडात पोर्सिलीन टिकवणं कठीण असतं.

आता वादाचा मुद्दा. आधाराचे दोन्ही दात जिवंत आणि निरोगी असताना ‘पुढे दुखायला नको’ म्हणून सरसकट रूट कॅनाल करण्याची पद्धत बरीच रूढ आहे. आम्हाला ती पटत नाही. रूट कॅनाल केलेल्या दातातला बराच भाग कोरला जातो, तो अधिक ठिसूळपणे तुटतो, आणि त्याच्या कॅपखाली कीड लागली तरी ठणका लागत नाही, त्यामुळे उशिरा कळतं. किडीने नसेपर्यंत पोचलेला, आधीपासून ठणकणारा किंवा इतका कललेला दात, की सरळ घासताना नस उघडी पडणारच, त्याला रूट कॅनाल जरूर करावं आणि ते ब्रिजच्या आधी करावं. बाकीच्यांना पाण्याच्या फवाऱ्याखाली, नव्या बरने (दात घासायच्या फिरत्या टोकाने), न दाबता घासलं तर बहुतेक दात जिवंत राहतात. थोड्यांची नस पुढे काही वर्षांत मरते, हेही रुग्णाला आधीच सांगून ठेवावं. तेव्हा कॅपमधूनच भोक पाडून रूट कॅनाल करता येतं.

आणि शेजारचे दोन्ही दात एकदम कोरे, एकही फिलिंग नसलेले असतील, हाडही पुरेसं असेल, तर पहिला पर्याय म्हणून इम्प्लांट, म्हणजे हाडात स्क्रू बसवून त्यावर दात, सुचवणं हाच प्रामाणिकपणा. ब्रिज शोभतो तो शेजारच्या दातांना तसंही कॅप लागणारच असेल तिथे, किंवा हाड, तब्येत वा खर्च इम्प्लांटच्या आड येत असेल तिथे.

मटेरियल निवडताना रुग्ण वॉरंटीचं कार्ड पाहतात. ते कार्ड झिरकोनियाच्या, म्हणजे पांढऱ्या कणखर सिरॅमिकच्या, तुकड्याचं असतं, खालच्या दाताचं नसतं. झिरकोनिया क्वचितच तुटतो. धातूवर पोर्सिलीन चढवलेला ब्रिज अजूनही उत्तम चालतो. त्यात पोर्सिलीनचा टवका उडण्याची आणि हिरडी उतरली की कडेला काळपट रेघ दिसण्याची शक्यता असते. नकली दागिन्यांनी कानाला खाज सुटत असेल तर ते डॉक्टरला सांगा. ती बहुधा निकेलची ॲलर्जी असते आणि स्वस्त धातूत निकेल असतं. अशांना निकेल नसलेला धातू किंवा झिरकोनिया. मागच्या दाढांसाठी आम्ही अखंड झिरकोनिया घेतो, वर वेगळं पोर्सिलीन न चढवता. जास्त पारदर्शक, दिसायला देखणा झिरकोनिया पुढच्या दातांना ठीक. तो तुलनेने कमजोर असतो, दाढांच्या ब्रिजला जुना, पांढुरका प्रकारच बरा.

कॅपसाठी दात घासून बारीक करण्याच्या दिवशी रंग सगळ्यांत आधी ठरवायचा. तोंड उघडं राहून दात सुकला की तो उजळ दिसतो आणि अर्ध्या तासाने घेतलेला शेड एक पायरी पांढरा येतो. खिडकीजवळच्या उजेडात, लिपस्टिक पुसून, व्हिटा कंपनीच्या सोळा रंगांच्या पट्टीवर पाहायचं. दाढांना बहुधा ए ३ किंवा ए ३.५ लागतो. उजळ ए १ चा हट्ट धरणाऱ्यांच्या तोंडात ती एकच दाढ बाथरूमच्या टाइलसारखी उठून दिसते. मग न घासलेल्या दातांचं पुट्टीत, म्हणजे कणकेसारख्या मळायच्या मटेरियलमध्ये, एक माप घेऊन बाजूला ठेवायचं. तात्पुरता ब्रिज त्याच साच्यात होतो.

भूल म्हणजे २ टक्के लिग्नोकेन, खालच्या जबड्याच्या नसेजवळ. ओठ आणि अर्धी जीभ जड झाली की काम सुरू. चावण्याच्या पृष्ठावर आधी खोलीचे चर पाडतो, मग चरांमधला भाग उडवतो. चर न पाडता अंदाजाने घासलं की मधे जास्त आणि कोपऱ्यात कमी घासलं जातं, आणि नेमका कोपऱ्यात ब्रिज उंच लागतो. धातू-पोर्सिलीनला वरून १.५ ते २ मिमी काढावे लागतात, अखंड झिरकोनियाला १ ते १.५ मिमी. खालच्या दाढेची गालाकडची टोकं चावण्याचा भार घेतात, तिथे थोडं जास्तच. बाजूंनी १ मिमीच्या आसपास. दोन्ही बाजूंच्या भिंतींमधला निमुळतेपणा पुस्तकात ६ अंश. हाताने घासताना १० ते २० येतो आणि तो चालतो. त्याच्या पुढे गेला की दात सुळक्यासारखा होतो आणि कॅप निसटते. दाढेची उंची ४ मिमीपेक्षा कमी उरली तर भिंतीत उभे चर पाडून पकड वाढवायची. मग एक डोळा मिटून आरशात दोन्ही दात एकदम पाहायचे. प्रत्येक दाताची पूर्ण कड एकाच नजरेत दिसली पाहिजे. कुठे भिंत कडेला झाकत असेल तर तिथे खाच उरली आहे आणि ब्रिज तिथेच अडकणार.

खरं काम पुढे आहे. कॅप जिथे संपते आणि दात सुरू होतो ती कड, आमच्या भाषेत मार्जिन. बोथट टोकाच्या बरने हिरडीलगत सलग, गुळगुळीत, गोलसर पायरी काढायची, अर्धा ते एक मिमी रुंद. मागच्या दाढांना ती हिरडीच्या वर ठेवता आली तर ठेवावी. ब्रश पोचतो आणि एक्स-रेशिवायही तपासता येते. जुनं फिलिंग किंवा कीड खाली गेली असेल तर कड खाली न्यावीच लागते, कारण ती निरोगी दातावर बसली पाहिजे, फिलिंगवर नाही. ४७ च्या मागच्या बाजूला जीभ, थुंकी आणि अपुरं उघडलेलं तोंड यांच्यात ही पायरी सगळ्यात वाईट येते. म्हणूनच पुढे कीडही बरेचदा तिथेच सापडते.

मापाच्या आधी हिरडी आणि दात यांच्या फटीत ॲल्युमिनियम क्लोराइडमध्ये भिजवलेला बारीक दोरा दाबून ठेवतात. हिरडी बाजूला सरते, पाझरणारं पाणी थांबतं. पाच ते दहा मिनिटं ठेवायचा, काढताना ओला करून काढायचा. कोरडा ओढला की हिरडीची त्वचा सोलून रक्त येतं आणि माप गेलं. हृदयविकार किंवा रक्तदाब असणाऱ्यांना ॲड्रिनलिनमध्ये भिजवलेला दोरा नको. माप ॲडिशन सिलिकॉन या रबरासारख्या मटेरियलचं, घट्ट पुट्टी आणि पातळ लाइट बॉडी. लेटेक्सचे हातमोजे घालून पुट्टी मळली तर त्यातल्या गंधकामुळे ती जमतच नाही, म्हणून उघड्या धुतलेल्या हाताने किंवा व्हिनाइल मोज्यांनी मळतात. निघालेल्या मापात दोन्ही दातांच्या कडेभोवती अखंड रेघ हवी. बुडबुडा किंवा फाटकी कड दिसली तर माप पुन्हा घ्यायचं; ‘लॅबवाला सांभाळून घेईल’ म्हटलं की तो अंदाजाने कड कोरतो. स्कॅनर असेल तर पुट्टी वाचते, पण दोरा वाचत नाही. कॅमेऱ्याला न दिसलेली कड स्कॅनमध्येही येत नाही. समोरच्या जबड्याचं अल्जिनेटचं (पाण्यात कालवायच्या पुडीचं) माप मात्र लगेच प्लास्टरने ओतावं लागतं, पाण्याअभावी ते आकसतं.

भूल उतरायच्या आत तात्पुरता ब्रिज. तो फक्त दिसण्यासाठी नसतो. घासलेल्या दाताला थंड-गरम झोंबू नये, हिरडी कडेवर चढू नये आणि दोन्ही दात जागचे हलू नयेत म्हणून असतो. तो निघाला तर तुकडे घेऊन त्याच दिवशी दवाखान्यात यावं. घरी फेविक्विकने चिकटवून आलेले रुग्ण आम्हाला नेहमी भेटतात. तो थर घासून काढताना मापातला दातच बदलतो. तात्पुरता ब्रिज आठवडाभर पडलेला राहिला तर दात इतके सरकतात की पक्का ब्रिज बसत नाही आणि दोष लॅबवर जातो.

लॅबमध्ये मापावरून कडक दगडी प्लास्टरचे दात बनतात. एकेक दात करवतीने सुटा करून कडेखालचं प्लास्टर कोरतात, म्हणजे कड स्वच्छ दिसते. सिमेंटला जागा राहावी म्हणून दातावर पातळ रंगाचा थर देतात, कडेच्या वर साधारण १ मिमी सोडून. धातूचं असेल तर मेणाचा साचा आणि ओतकाम, किंवा हल्ली लेसरने धातूची पूड वितळवून. झिरकोनियाची गंमत वेगळी. अर्धवट भाजलेल्या, खडूसारख्या मऊ चकतीतून ब्रिज २० ते २५ टक्के मोठा कोरतात आणि १४५० ते १५५० अंशांच्या भट्टीत तो आकसून बरोबर मापाचा होतो. तिन्ही दातांना जोडणारा सांधा दाढांच्या भागात निदान ९ चौरस मिमी, म्हणजे ३ मिमी उंच आणि ३ मिमी रुंद तरी हवा. मधला दात हिरडीवर खोगिरासारखा पसरवू नये, खालून साफच करता येत नाही. खालच्या दाढेला तो गोलसर ठेवून हिरडीला जेमतेम टेकवायचा, किंवा २ मिमीहून जास्त फट ठेवून वर धरायचा. फटीचा प्रकार सर्वांत स्वच्छ. फक्त जिभेला ती फट सुरुवातीला खटकते.

ट्रायलला, म्हणजे पक्का ब्रिज सिमेंटशिवाय बसवून पाहताना, क्रम ठरलेला असतो आणि तो उलटवला की वेळ जातो. पहिल्यांदा शेजारच्या दातांशी स्पर्श: ४५ च्या पुढे आणि असेल तर ४७ च्या मागे फ्लॉस (दातांच्या फटीत घालायचा दोरा) हलकासा अडकून टकदिशी खाली गेला पाहिजे. जाताच येत नसेल तर ब्रिज तिथेच अडकलेला आहे आणि खालची कड उघडी दिसणारच. आधी स्पर्श घासायचा, मग कड पाहायची. कडेवरून टोकदार प्रोब फिरवायचा, दातावरून कॅपवर आणि कॅपवरून दातावर, दोन्हीकडे अडखळता कामा नये. मधल्या दाताखालची हिरडी दाबाने पांढरी पडते; ती पाच-दहा मिनिटांत गुलाबी झाली नाही तर खालून कमी करायचं. सगळ्यात शेवटी चावा. रंगीत कागद ठेवून टकटक चावायला लावायचं, मग जबडा डावीकडे-उजवीकडे घासायला. टकटक करतानाचे ठिपके दातांच्या मधोमध हवेत आणि बाजूला सरकताना मधल्या दातावर रेघ नको. भूल दिलेल्या माणसाला ‘उंच वाटतंय का’ विचारण्यात अर्थ नाही, म्हणून जिवंत दातांचीही ट्रायल जमेल तितकी भूल न देता करावी. झिरकोनियाला तोंडात घासलं की तो भाग काचेसारखा पॉलिश करायलाच हवा. खरखरीत झिरकोनिया समोरचा खरा दात झिजवतो.

चांगली उंची आणि चांगली पकड असेल तर ग्लास आयोनोमर सिमेंट पुरतं. दात बुटका असेल तर जास्त घट्ट चिकटणारं रेझिन सिमेंट. ट्रायलमध्ये थुंकी लागलेला झिरकोनिया फॉस्फोरिक ॲसिडने धुवू नये, त्यातला फॉस्फेट पृष्ठाला चिकटून बसतो आणि रेझिनची पकड जाते. बारीक ॲल्युमिनाच्या पुडीचा हलका मारा किंवा त्यासाठीचा क्लीनर वापरावा. सिमेंट कॅपमध्ये काठोकाठ भरायचं नाही, आतून पातळ लेप द्यायचा. जास्त भरलं की द्रवाचा दाब ब्रिजला वर उचलून धरतो आणि ट्रायलला नेमका बसलेला ब्रिज उंच लागतो. कापसाच्या रोलमध्ये दात कोरडा, बोटाने दाब, मग रोलवर चावून धरायचं. सिमेंट रबरासारखं झालं की कडेचं काढायचं. फ्लॉसला गाठ मारून सांध्याखालून आडवा ओढायचा, वर उपसायचा नाही. हिरडीखाली राहिलेला सिमेंटचा एक कण महिनोन्महिने रक्त काढत राहतो.

पहिला दिवस त्या बाजूने चिक्की, तिळगूळ, ऊस नको. नंतर भाकरी, चणे सगळं चालतं. सुपारी, बर्फ आणि बाटलीची झाकणं कधीच नाही. रोजची गोष्ट एकच जास्तीची: मधल्या दाताच्या खालून सुपर फ्लॉस. त्याचं कडक टोक सांध्याखालून गालाकडून आत घालायचं, जिभेकडून ओढायचं, फुगीर भागाने दोन्ही आधारदातांच्या आतल्या भिंती घासायच्या. फट मोठी असेल तर बारीक इंटरडेंटल ब्रश जास्त सोपा. ब्रिज करून दिला आणि फ्लॉस हातात देऊन करून दाखवला नाही, तर काम अर्धंच झालं असं आम्ही धरतो.

बिघाडाची सुरुवात ठणक्याने होत नाही. दोनपैकी एकाच दातावरचं सिमेंट सुटतं, दुसरा घट्ट असल्यामुळे ब्रिज हलताना कळतही नाही. सुटलेल्या कॅपमध्ये थुंकी आत-बाहेर करते आणि दात आतून लोण्यासारखा मऊ होतो. खुणा तीन: त्या बाजूची घाण चव किंवा वास, फ्लॉसला येणारी दुर्गंधी, आणि ब्रिज वरखाली दाबल्यावर कडेला फुटणारे थुंकीचे बुडबुडे. यातली एकही दिसली तर वाट पाहू नये. अशा वेळी घट्ट बाजूची कॅप उभी कापून ब्रिज काढावा लागतो. धातूला कार्बाइड बर, झिरकोनियाला डायमंड आणि बरंच पाणी. झिरकोनिया कापायला वेळ आणि बर दोन्ही जास्त लागतात, त्याचा खर्च वेगळा सांगितला तर तो वाजवी असतो. खालचा दात वाचण्याजोगा असेल तर कीड काढून, कोअर (दाताचा गेलेला भाग) भरून नवा ब्रिज. नसेल तर तो काढावा लागतो आणि मग दोन दातांची जागा रिकामी होते, तिथे इम्प्लांट किंवा काढती कवळी. दर वर्षी तपासणी आणि दोन-तीन वर्षांनी त्या दोन दातांचा एक्स-रे काढला, तर गोष्ट बहुतेक वेळा एवढ्यावर येत नाही.

खर्च परवडत नसेल तर मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथली शासकीय दंत महाविद्यालयं आणि मुंबईतलं नायर दंत महाविद्यालय इथल्या कृत्रिम दंतशास्त्र विभागात ब्रिज खाजगी दरापेक्षा बराच स्वस्त होतो. विद्यार्थी काम करतात, शिक्षक प्रत्येक टप्पा तपासतात, त्यामुळे खेपा जास्त पडतात. रस्त्याकडेला किंवा यात्रेत ‘एका तासात फिक्स दात’ म्हणून शेजारच्या दातांना तार गुंडाळून ॲक्रिलिकचा गोळा चिकटवून देतात, त्याला ब्रिज म्हणू नका. तो गोळा काढायला आलेल्या माणसाचे शेजारचे दोन्ही दात हलत असतात.